इटली बाजारातून बघायची असेल तर आधी शहरं कमी करा

प्रश्न नाशिकहून आला आहे. थोडक्यात असा: नवरा-बायको आणि बायकोची आई, तिघं सप्टेंबरात पंधरा रात्री इटलीत असतील. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बाकी दोघं सगळं खातात. ठरवलेली शहरं सात: व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, बोलोन्या, रोम, नेपल्स, पालेर्मो. "म्युझियमच्या रांगांत उभं राहण्यापेक्षा आम्हाला बाजार बघत, खात-पीत निवांत फिरायचंय. कोणते बाजार चुकवू नयेत?"

मी बोलोन्यात राहते. चौदा वर्षांपासून भारतातून येणाऱ्या चार-पाच जणांच्या लहान गटांचा मुक्काम, बाजारहाट आणि स्वयंपाक जुळवून देते. त्या अनुभवावरून सांगते, सातातली चार शहरं काढून टाका. बोलोन्या, रोम आणि पालेर्मो ठेवा. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण व्हेनिस आणि फ्लॉरेन्स न बघता परत गेलो तर लोक काय म्हणतील असं वाटतं. पण प्रश्न बाजारांचा विचारलात, म्हणून उत्तरही त्याच अंगाने देते.

इथले बाजार सकाळचे. साडेसातला रंगात येतात, दीड-दोनच्या सुमारास झाडलोट सुरू होते. सात शहरं करायची तर दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, आणि त्या भरण्यात आणि स्टेशन गाठण्यात नेमकी सकाळच जाते. हातात उरतात रिकामी खोकी आणि ओली फरशी. शिवाय बाजार एका फेरीत कळत नाही. पहिल्या दिवशी नुसते रंग दिसतात. दुसऱ्या दिवशी कुठला माल ताजा आणि कुठे स्थानिक बायका गर्दी करतात ते दिसायला लागतं. तिसऱ्या दिवशी त्याच गाळ्यावर गेलात की विकणारा तुम्हाला ओळखतो आणि स्वतःहून बोलतो. मला या देशाबद्दल जे काही समजलं, ते बहुतेक तिसऱ्या दिवसानंतरच्या बोलण्यातून समजलं. म्हणून प्रत्येक शहरात एकच मुख्य बाजार धरा आणि तिथे किमान तीन सकाळी जा.

राहायला हॉटेल घेऊ नका, स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, बाजारापासून पायी दहा मिनिटांच्या आत. हे आईंसाठी तर आवश्यक आहेच, पण तुमच्यासाठीही. नुसत्या बघ्याला बाजार फारसा बोलत नाही. "आज रात्री हे शिजवायचंय, कसं करू?" असं विचारणाऱ्या माणसाशी मात्र तो अर्धा तास बोलतो. "कोमे सी कुचीना?" म्हणजे "हे कसं शिजवतात?" एवढा एक प्रश्न पाठ करून या. उत्तर अर्धंच कळेल, पण हातवारे पुष्कळ मिळतील.

आता खरेदीची रीत, कारण इथे आपली माणसं हमखास अडखळतात. मी आले त्या पहिल्याच महिन्यात एका गाळ्यावर पीच हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघितलं. आपण आंबा बघतो तसं. विकणाऱ्या बाईंनी ते फळ माझ्या हातातून काढून घेतलं. मला फार लागलं होतं तेव्हा. नंतर त्यांनीच विचारलं, कधी खाणार, आज की परवा? आणि त्याप्रमाणे त्यांनी चार फळं निवडून दिली, दोन त्या दिवसासाठी पिकलेली, दोन थोडी टणक. इथे माल निवडणं हे विकणाऱ्याचं काम आहे आणि त्यात त्याची इभ्रत असते. तुम्ही फक्त कधी खाणार ते सांगायचं. "पेर ओज्जी" म्हणजे आजसाठी, "पेर दोमानी" म्हणजे उद्यासाठी. स्वतःच्या हाताने घ्यायची मुभा असेल तिथे विक्रेता आधीच पिशवी पुढे करतो.

रांग दिसत नाही, पण असते. गाळ्याशी गेल्यावर "की ए लुल्तीमो?" म्हणजे "शेवटचं कोण?" असं विचारा. कुणीतरी हात वर करेल, त्यानंतर तुमचा नंबर. आधी "बुओनजोर्नो" म्हटल्याशिवाय काही मागू नका, ते उद्धटपणाचं वाटतं. घासाघीस करायची नाही. दक्षिणेत बंद व्हायच्या वेळी भाव आपोआप उतरतात, तेवढंच. वजनासाठी एक शब्द लक्षात ठेवा, "एत्तो". एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. चीज आणि ऑलिव्हच्या पाटीवरचा भाव पुष्कळदा एका एत्तोचा असतो. भाजीसारखा किलोचा समजून लोक अर्धा किलो तोलून घेतात आणि पैसे देताना गडबडतात.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं होतं. आपला भाजीवाला पिशवीत वरून चार काड्या कोथिंबीर आणि कढीपत्ता टाकतो ना, तसे इथले जुने भाजीवाले "ओदोरी" देतात. पार्सली, सेलरीचा एखादा दांडा, कधी गाजर, कधी तुळशीच्या कुळातल्या बाझिलची डहाळी. सूपला आणि सॉसला वास येण्यापुरतं, पैसे न घेता. टस्कनीत आणि रोममध्ये ही पद्धत अजून टिकून आहे. ओदोरी पहिल्या दिवशी मिळतीलच असं नाही. तिसऱ्या दिवशी बहुधा मिळतात.

बोलोन्यापासून सुरुवात करा. मायदेशाहून आल्यावर अंगातला शीण जायला हे शहर फार चांगलं. पाऊस आला तरी भिजायला होत नाही, कारण मैलोन् मैल कमानींच्या छपराखालून चालता येतं. पियात्सा माज्जोरेच्या पूर्वेला क्वाद्रिलातेरो नावाचा जुन्या बाजाराचा भाग आहे. गल्ल्यांची नावं अजून धंद्यांवरून आहेत: पेस्केरिए वेक्किए म्हणजे जुनी मासळीआळी, द्राप्पेरिए म्हणजे कापडवाल्यांची, ओरेफीची म्हणजे सोनारांची. पुण्याच्या तांबट आळी, बोहरी आळीसारखंच. पण हा भाग आता बराचसा पर्यटकांच्या मांसाच्या आणि चीजच्या थाळ्यांवर चालतो. तिथे एक संध्याकाळ पुरे. त्या संध्याकाळी ओस्तेरिया देल सोलेमध्ये बसा. १४६५ पासूनचं हे ठिकाण. तिथे फक्त पेय विकत मिळतं, खाणं आपण आपलं न्यायचं. बाजारातून पाव, टोमॅटो, अंजिरं, ऑलिव्ह घेऊन लांबलचक लाकडी टेबलावर शेजाऱ्यांना खेटून बसायचं. शाकाहारी माणसाला बाहेर बसून मनासारखं जेवता येईल अशी ही मला माहीत असलेली सगळ्यात छान जागा.

सकाळी मात्र मेरकातो देल्ले एर्बेला जा. ऊगो बास्सी रस्त्यावर आहे. शब्दशः पालेभाज्यांची मंडई. १९१० मध्ये उघडली. बाजूच्या दालनांत आता खाण्याची दुकानं झाली आहेत, पण मधल्या भागात भाजीवाले आहेत. सप्टेंबरात पोर्चीनी मशरूम यायला लागतात, पाऊस कसा झाला त्यावर. लाल भोपळे, ओल्या बोर्लोत्ती घेवड्याच्या गुलाबी ठिपक्यांच्या शेंगा, द्राक्षं आणि मनुकांसारखे लांबट आलुबुखार दिसतील. आईंना या ओल्या बोर्लोत्ती द्या सोलायला. शेंगा निवडताना त्यांचा हात लगेच बसेल. नुसत्या लसूण आणि सेजच्या पानांबरोबर शिजवून वर ऑलिव्ह तेल घातलं की ते पूर्ण जेवण होतं.

शनिवार सकाळ असेल तर चित्रपट संग्रहालयाच्या चौकात मेरकातो रित्रोवातो भरतो. आसपासचे शेतकरी स्वतःचा माल घेऊन येतात. भाव मंडईपेक्षा जरा चढे, पण पेरणाऱ्याशी थेट बोलता येतं. मी माझी बहुतेक खरेदी तिथे करते.

आता आईंच्या जेवणाचं, बोलोन्यात हे आधीच स्पष्ट असलेलं बरं. इथला ताजा पास्ता म्हणजे शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं. ही इथली ओळखच आहे, त्यामुळे ताल्यातेल्ले, म्हणजे पट्ट्यांचा ताजा पास्ता, बिनअंड्याची मागू नका, मिळणार नाहीत. आईंसाठी सुका, रव्याचा पास्ता घ्या, पाकिटावर "सेमोला दि ग्रानो दूरो" लिहिलेलं असतं. त्यात रवा आणि पाणी एवढंच. तुम्हा दोघांसाठी एक अक्षराचा फरक: तोर्तेल्लीनी छोटे आणि त्यांत डुकराचं मांस, तोर्तेल्लोनी मोठे आणि त्यांत बहुधा रिकोत्ता व पार्सली. काउंटरवर बोट दाखवण्याआधी नाव नीट उच्चारा. पियादीना आणि क्रेशेंतीने या इथल्या पोळी-पुऱ्यांच्या कणकेत बऱ्याचदा "स्त्रुत्तो", म्हणजे डुकराची चरबी असते. "सेन्त्सा स्त्रुत्तो?" असं विचारलं की दुकानदार खरं सांगतात.

आणि चीज. पार्मिजानो रेज्जानोमध्ये वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध विरजणारं द्रव्य, वापरावं लागतं, तो त्याच्या नियमावलीचाच भाग आहे. म्हणून ते शाकाहारी नाही. ग्राना पादानो आणि पेकोरीनो रोमानोचंही तसंच, यातही प्राणिज रेनेट असतं. मी हे प्रत्येक गटाला विमानात बसायच्या आधी सांगते, कारण नंतर कळलं तर घरातल्या मोठ्यांना फार वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं रास्त आहे. चीजच्या गाळ्यावर "काल्यो वेजेताले" विचारा, म्हणजे वनस्पतीज रेनेट. तशी काही चीज असतात, पेकोरीनोच्या काही जाती काटेरी फुलाच्या रसाने विरजतात. रिकोत्ता तर चीज काढून उरलेल्या निवळीची होते, त्यामुळे ती चालते का हे आईंनीच ठरवावं. तुम्ही दोघं मात्र पार्मिजानो नक्की चाखा. किमान बारा महिने मुरल्याशिवाय त्या चाकावर शिक्का पडत नाही. चोवीस आणि छत्तीस महिन्यांचे दोन तुकडे शेजारी ठेवून खाल्ले तर काळाची चव म्हणजे काय ते जिभेला कळतं. एक चाक साधारण चाळीस किलोचं, त्याला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं.

व्हेनिसचा हट्ट असेल तर बोलोन्याहून एका दिवसात होतं. पहाटेची गाडी धरा, साधारण दीड तास, आणि थेट रियाल्तोला जा. मासळीबाजार रविवारी आणि सोमवारी बंद असतो. १९०७ च्या दगडी कमानींखाली तो भरतो. कुठला मासा किती सेंटिमीटरपेक्षा लहान विकायचा नाही याची जुनी दगडी पाटी तिथे आहे, ती शोधा. गाळे कमी होत चाललेत, कारण बेटावर राहणारी माणसंच कमी होत चाललीत. मला तिथे दर वेळी गलबलून येतं. म्हणूनच व्हेनिसला मुक्काम सांगत नाही.

रोममध्ये तेस्ताच्चो भागात राहा. काम्पो दे फ्योरीचा बाजार जुना आणि नावाजलेला आहे, पण आज तिथे रंगीत पास्त्याची पाकिटं आणि मसाल्यांच्या पुड्याच जास्त. तेस्ताच्चोची मंडई २०१२ मध्ये नव्या इमारतीत गेली. इमारत साधी, पांढरी, फोटोला फारशी चांगली नाही, पण परिसरातले लोक इथूनच भाजी नेतात. शेजारी जुना कत्तलखाना आहे, १९७५ मध्ये बंद झाला. त्यामुळे या भागाचं खाणं जनावराच्या आतल्या अवयवांवर उभं आहे. त्याला "पाचवा चतकोर" म्हणतात: चार चतकोर श्रीमंतांकडे गेल्यावर जे उरतं ते. तुम्ही दोघं सगळं खाता म्हणालात, तरी गोवंशाचं मांस चालतं की नाही ते घरूनच ठरवून या. "मान्त्सो" म्हणजे मोठ्या जनावराचं आणि "वितेल्लो" म्हणजे वासराचं मांस, हे दोन शब्द ओळखता आले की पुरे.

मंडईपासून चार पावलांवर मोंते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे. ती टेकडी म्हणजे फुटक्या मडक्यांचा ढीग. रोमन काळात जहाजांनी तेल यायचं, मुख्यतः आजच्या स्पेनच्या दक्षिण भागातून, आणि तेल मुरलेले ते मोठे मातीचे घडे पुन्हा वापरता यायचे नाहीत. ते फोडून रचत गेले, वास मारायला चुना टाकत गेले. अशी ती काही कोटी घड्यांची टेकडी झाली. पुष्कळ तुकड्यांवर शाईने वजन, गाव आणि व्यापाऱ्याचं नाव लिहिलेलं सापडलं आहे. मंडईतल्या पाट्यांवर बघा, आजही भाजीच्या नावाखाली ती कुठून आली ते लिहिलेलं असतं. मी गटाला आधी टेकडीच्या पायथ्याशी नेते आणि मग त्या पाट्या वाचायला लावते.

सप्टेंबरात रोममध्ये अंजिरं येतात. बेकरीतून "पित्सा ब्यांका" घ्या, म्हणजे वर काहीही नसलेली, नुसतं तेल-मीठ लावलेली गरम पोळी, ती वजनावर मिळते. मंडईतून चार पिकलेली अंजिरं घ्या, पोळी चिरून त्यात कुस्करा. बाकीचे वर हॅम घालतात, आईंसाठी नको. पीठ चरबीविना मळलंय का तेवढं विचारून घ्या. भोपळ्याची फुलं दिसली तर ती सारणाशिवाय आणून घरी तळा. बाहेर मिळणाऱ्या तळलेल्या फुलात मोझरेल्लाबरोबर मांदेळीच्या कुळातला खारवलेला मासा, "आलीची", दडलेला असतो.

एवढ्या दिवसांत आईंना आपल्या चवीची आठवण आली असेल. एक सकाळ तेर्मिनी स्टेशनजवळच्या एस्क्विलीनो मंडईत घालवा. दक्षिण आशियाई, आफ्रिकी आणि चिनी लोकांची ही मंडई. तिथे भेंडी, हिरवी मिरची, कोथिंबीर, आलं सगळं मिळतं. एका संध्याकाळी घरी भेंडीची भाजी होऊ द्या. यात प्रवासाचा काही अपमान नाही. तेही रोमच आहे.

रोमहून पालेर्मोला विमानाने जाऊ नका. रात्रीची गाडी घ्या. पहाटे इटलीच्या टोकाशी पोचल्यावर गाडीचे डबे सुटे करून जहाजाच्या पोटात घालतात आणि मेस्सीनाची सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे पुन्हा जोडतात. त्या अर्ध्या झोपेत जहाजाच्या डेकवर जाऊन उभं राहिलात तर समोर सिसिलीचे दिवे दिसतात.

पालेर्मोसाठी पाच रात्री ठेवा. कमी करायचंच झालं तर रोममधून एक काढा, इथून नाही. शहरात तीन जुने बाजार आहेत: बालारो, काप्पो आणि वुच्चिरीया. वुच्चिरीया चित्रांतून जगभर माहीत झाला. रेनातो गुत्तूझोचं १९७४ चं त्याच नावाचं प्रचंड चित्र शहरातल्या स्तेरी वाड्यात आहे, ते जरूर बघा. आता तो बाजार मुख्यतः रात्रीच्या खाण्यापिण्याचा झाला आहे. काप्पो देखणा. पण तीन सकाळी जायचं ते बालारोत.

बालारो आल्बेर्गेरीया वस्तीतून नागमोडी जातो. वर लाल-निळी कापडं ताणलेली, त्यांतून गाळून आलेला उजेड टोमॅटोवर पडतो. आधी ऐकू येते ती आरोळी, "अब्बान्नियाता". सूर लावून, हेल काढून, सिसिलियन बोलीत. बोलोन्याच्या माझ्या मैत्रिणीलाही त्यातलं निम्मं कळत नाही. तलवारमाशाचं डोकं पाणावलेल्या दगडावर उभं केलेलं, तलवार आकाशाकडे. शेजारी बांगडे, तारल्या, बर्फ, लिंबं. नवरोबांनी मासा घेतला तर "पुलीतो" म्हणा, साफ करून देतात.

बालारो हा शब्द कुठून आला याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. मॉन्रेआलेजवळच्या बल्हरा नावाच्या गावाचे व्यापारी इथे यायचे, म्हणून बालारो, असं बरेच जण सांगतात. एक मत मात्र थेट दख्खनकडे बोट दाखवतं. अरब प्रवासी राष्ट्रकूट राजांना "बल्हरा" म्हणत, वल्लभराज या पदवीवरून. वेरूळचं कैलास लेणं खोदवणारं हेच राजघराणं. मसाले त्या मुलखातले, म्हणून बाजाराला ते नाव पडलं, असा तर्क. सिद्ध झालेला नाही, तरीही तिथे उभं राहून मराठी माणसाने तो आठवावा असं मला मनापासून वाटतं. पालेर्मो ८३१ ते १०७२ या काळात मुस्लिम राजवटीत होतं. ९७३ मध्ये आलेल्या इब्न हौकल या प्रवाशाने इथल्या बाजारांचं वर्णन करताना लोक कच्चा कांदा फार खातात आणि त्याने त्यांची बुद्धी मंदावते अशी तक्रार लिहून ठेवली आहे. बालारोत आजही भट्टीत अख्खे भाजलेले कांदे मोठ्या पत्र्यांवर वाफाळत विकायला असतात. सालं काढून, तेल-मीठ लावून खा. बाजूला उकडलेले बटाटे, उकडलेल्या शेंगा असतात. ज्यांना घरी जाऊन चूल पेटवायला वेळ नाही त्यांच्यासाठी ही सोय आहे, आणि शाकाहारी माणसाला तर वरदान.

आता तेनेरूमीबद्दल. बालारोत हिरव्या पानांच्या मोठाल्या जुड्या दिसतील, मऊ लव असलेली पानं, कुरळे तंतू, कोवळे शेंडे. त्यांच्याशेजारी हातभर लांब, फिकट हिरवी, बारीक फळं. काही वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एक काकू माझ्याबरोबर होत्या. त्यांनी जुडी हातात घेतली, पान चुरडून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर दुधीचा वेल." अगदी बरोबर. ते लांब फळ, "कुकुत्सा", म्हणजे आपला दुधीच, फक्त बारीक आणि लांब जातीचा, आणि तेनेरूमी म्हणजे त्याच्या वेलाचे शेंडे. मी तोवर सहा वर्षं ती भाजी खात होते आणि मला ओळखू आली नव्हती. काकूंनी खुणांनी गाळेवालीला सांगितलं की आमच्याकडेही हा वेल असतो. मग त्या दोघी एकमेकींना दाखवत बसल्या, दुधीचं काय काय करतात ते. मी नुसती मध्ये उभी राहून जमेल तसं भाषांतर करत होते.

गाळेवालीने सांगितलेली कृती देते. पानं आणि कोवळे शेंडे धुऊन चिरायचे, जून देठ काढायचे, मीठ घातलेल्या भरपूर पाण्यात शिजवायचे. दुसऱ्या भांड्यात ऑलिव्ह तेलात लसूण आणि सोललेले टोमॅटो परतून घ्यायचे. पानं मऊ झाली की त्याच पाण्यात स्पगेत्ती बोटभर लांबीची मोडून टाकायची, शिजत आली की टोमॅटो त्यात ओतायचा. पातळसरच ठेवायचं, चमच्याने खायचं. उन्हाळ्यातही हे लोक ते कोमट करून खातात. लोक वर चीज किसतात, आईंना नको असेल तर वगळा. तेनेरूमी उन्हाळ्याची भाजी, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नक्की मिळेल, नंतर कमी होत जाते. तुमची तारीख पुढे-मागे करता येत असेल तर लवकरची घ्या.

दुसरी ओळखीची चव पानेल्ले. बेसन पाण्यात मिठासह घोटत शिजवायचं, पार्सली घालायची, थापून गार करायचं, वड्या पाडून तळायच्या. ज्यांच्या घरी पाटवडी होते त्यांना वेगळं काही सांगायला नको. इथे ती तिळाच्या पावात घालून, वर लिंबू पिळून खातात. बटाट्याचे "कात्सील्ली"ही त्याच कढईतून निघतात. तळण्याचं तेल कोणतं, त्याच कढईत मासा पडतो का, हे विचारा. आरांचीना, म्हणजे सारण भरून तळलेला भाताचा गोळा, याबाबत मात्र सावध राहा. एकदा आमच्यातल्या एका शाकाहारी बाईंनी एका दुकानात "लोण्याची" म्हणून आरांचीना घेतली आणि दोन घास खाल्ल्यावर आत हॅम सापडलं. नावात लोणी असलं तरी त्या सारणात हॅम घालायची रीत आहे, हे मला माहीत असूनही मी त्या क्षणी शेजारी नव्हते. तेव्हापासून मी पहिल्या सकाळी कुणालाच एकटं खाऊ देत नाही. कान्नोली या मिठाईचं कवच परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात, तेही विचारा. बदामाची किंवा लिंबाची ग्रानीता, म्हणजे खरवडलेला गोड बर्फ, निर्धास्त खा.

स्फिंचोने, जाड पावावर कांदा-टोमॅटो लावलेला, तीनचाकी गाडीवरून विकायला येतो. ती गाडी बघून नवरोबांना ओळख पटेल, पियाजियो कंपनीची आपे, आपल्या बारामतीत बनते तीच. स्फिंचोनेत आलीची असते, म्हणजे आईंसाठी नाही.

आईंबरोबर बाजारात दोन गोष्टी शोधा. एक "स्त्रात्तू": उन्हाळ्यात टोमॅटोचा गर लाकडी फळ्यांवर पसरून उन्हात आटवतात, आपण आंब्याचं साठ घालतो तसं. गडद विटकरी रंगाचा तो गोळा चमच्याने कापून वजनावर देतात. दुसरं फड्या निवडुंगाची बोंडं. इथे त्यांना "फीकी दिंदिया", हिंदुस्थानी अंजीर, म्हणतात, जरी तो निवडुंग मेक्सिकोकडून आला असला तरी. विक्रेता काटे टाळून सोलून देतो, स्वतः हात लावू नका. बालारोच्या गर्दीत पर्स पुढे घ्या आणि फोटो काढण्याआधी काहीतरी विकत घ्या, निदान दोन लिंबं.

आता वारांची जुळणी, तिकिटं काढण्याआधी. बोलोन्याला मंगळवारी उतरा आणि रविवारी निघा, म्हणजे शनिवारचा शेतकरी बाजार मिळतो आणि मंडया बंद असतात तो रविवार प्रवासात जातो. रोममध्ये सोमवार ते गुरुवार अशा चार सकाळी, त्यातल्या तीन तेस्ताच्चोला, एक एस्क्विलीनोला. गुरुवारी रात्रीची गाडी. शुक्रवार ते मंगळवार पालेर्मो. बालारो रविवारी सकाळीही भरतो, आणि त्या दिवशी तिथे घरचीच माणसं जास्त असतात. बुधवारी परत. पंधरा रात्री बरोबर बसतात.

शेवटच्या मंगळवारी चीज वगैरे घेऊ नका, प्रवासात घाम सुटतो त्याला. मिठातल्या केपर्सच्या कळ्या घ्या, आणि वाळलेल्या ओरेगानोची देठासकट अख्खी जुडी. ती वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळून मागा आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा. घरी बॅग उघडल्यावर साड्यांना आणि शर्टांना कितीतरी दिवस तो वास येत राहतो.